थाई अंकांची बेरीज शून्य का येते?

प्रश्न: थायलंडमधल्या एका संस्थेकडून खर्चाची यादी आली आहे. तारखा आणि रकमा थाई अंकांत आहेत. स्क्रीनवर सगळं नीट दिसतं, पण स्प्रेडशीटमध्ये बेरीज घेतली की शून्य येतं. फॉन्ट बदलून पाहिला, काही फरक पडला नाही. कॉम्प्युटरला हे अंक कळतच नाहीत का? सगळे पुसून साधे अंक टाइप करू का?

उत्तर: पुसू नका, हे आधी सांगते. थाई चार आणि थाई पाच दिसायला सख्खे भाऊ आहेत, पाचाच्या माथ्यावर जराशी जास्तीची मुरड, एवढाच फरक. डोळ्यांनी बघून टाइप करायला बसलात तर दहाव्या ओळीपर्यंत कुठेतरी चुकालच.

फॉन्टने काही होणार नव्हतं, कारण फॉन्ट फक्त आकार काढतो. फाइलमध्ये असतो तो क्रमांक. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक. त्यात इंग्रजी शून्य ते नऊ हे ४८ ते ५७, आपले देवनागरी अंक २४०६ ते २४१५ आणि थाई अंक ३६६४ ते ३६७३. म्हणजे थाई चार हा ३६६८. त्यातून ३६६४ वजा करा, उरतात चार. दहाही अंक ओळीने बसवलेत म्हणून हे जमतं, आणि मला ही मांडणी फार आवडते.

कॉम्प्युटरला कळत नाही असंही नाही. हे दशमान अंक आहेत आणि प्रत्येकाची किंमत किती, हे युनिकोडने नोंदवून ठेवलंय. प्रोग्राम ती नोंद बघतो की नाही, हा खरा प्रश्न. पायथन या प्रोग्रामिंग भाषेला थाई अंकांतली ४५ ही संख्या दिली तर ती पंचेचाळीस म्हणूनच घेते. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा घेत नाही. तुमच्या स्प्रेडशीटने रकमा मजकूर समजून बेरजेतून गुपचूप वगळल्या असणार. खात्री करायला एका खान्यावर क्लिक करा. वरच्या फॉर्म्युला बारमध्ये साधे अंक दिसले, तर आत खरी संख्या आहे आणि थाई रूप नुसतं फॉरमॅटचं. तिथेही थाई अंकच दिसले, तर तो मजकूर.

मूळ रकाना तसाच ठेवा, शेजारी नवा घ्या आणि त्यात प्रत्येक थाई अंकाच्या जागी साधा अंक येईल अशा दहा अदलाबदली करा. एनएफकेसी नावाच्या सामान्यीकरणावर, म्हणजे अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीवर, विसंबू नका, त्याने थाई अंक बदलत नाहीत. आणखी एक: यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक फाइलमध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, थाई अंकाला तीन बाइट (साठवणुकीची एककं) लागतात, इंग्रजीला एकच. बाइट मोजून रुंदी ठरवलेल्या रकान्यात मोठी रक्कम मध्येच कापली जाते.

फाइल जुनी असेल तर मात्र सावध. युनिकोडच्या आधीपासून थायलंडचं स्वतःचं टीआयएस-६२० हे मानक आहे. त्यात प्रत्येक अक्षराला एकच बाइट, आणि अंक २४० ते २४९ वर. अशी एक फाइल माझ्याकडे आली होती. मी ती पश्चिम युरोपीय संकेतनात, म्हणजे तिकडच्या भाषांसाठीच्या बाइट-अक्षर तक्त्यानुसार, उघडली आणि रकमांमध्ये जागोजागी भागाकाराची चिन्हं दिसू लागली. कचरा समजून मी ती पुसायलाच निघाले होते. मग लक्षात आलं की ही चिन्हं फक्त रकमांतच आहेत, नावांत एकही नाही. तो थाई सात होता. २४७ हा बाइट टीआयएस-६२० मध्ये सात आणि पश्चिम युरोपीय संकेतनात भागाकार! पुसलं असतं तर यादीतला प्रत्येक सात गेला असता. फाइल टीआयएस-६२० म्हणून पुन्हा उघडली आणि सगळं जागेवर आलं. मागून कळलं की युनिकोडने थाई अक्षरांचा क्रम याच मानकातून घेतलाय: २४० मध्ये ३४२४ मिळवा, ३६६४ येतात.

अंक बदलून झाले की तारखा बघा. साल २५६७ दिसलं तर ती चूक समजून दुरुस्त करू नका. ते बौद्ध संवताचं साल आहे, ५४३ वजा केले की २०२४.