निर्णय घेताना शहाणा माणूस मत कधी बदलतो, आणि किती?

तुम्ही विचारलंय की नवीन माहिती आली की मत बदलावं हे पटतं, पण ते किती बदलायचं, आणि मुळात आपल्याला काय हवंय तेच बदललं तर त्याला शहाणपणा म्हणायचं की चंचलपणा. मी सांगलीचा, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचं बघतो, आणि सीझनला आमच्याकडं येणारा प्रत्येक शेतकरी हाच प्रश्न घेऊन येतो, फक्त त्याच्या भाषेत, की "ठेवू का विकू?" त्यामुळं या विषयावर मी मनापासून वाचलंय.

पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या करा. काय होईल असं मला वाटतं ही एक, आणि मला काय हवंय ही दुसरी. पहिली पुराव्यानं बदलावी, दुसरी गरज बदलली की बदलावी. गडबड होते ती हवंय म्हणून वाटायला लागतं तेव्हा. ज्याची पोती गोडाऊनला पडलेली असतात त्याला भाव वाढणारच असं दिसतं, ज्यानं कालच्या सौद्यात विकली त्याला पडणारच असं दिसतं, आणि बातमी दोघांनी एकच ऐकलेली असते.

आता किती बदलायचं. याचं उत्तर थॉमस बेज नावाच्या इंग्लंडमधल्या पाद्र्यानं दिलंय, तो वारल्यानंतर १७६३ ला त्याचा लेख छापून आला. गणित सोडा, मुद्दा असा की बातमीचं वजन ठरवताना, ती खरी असेल तर किती वेळा कानावर येते एवढंच बघून चालत नाही, ती खोटी असतानाही किती वेळा येते ते बघावं लागतं. समजा १०० सीझनपैकी २० सीझनला भाव जोरात वाढतो. वाढायचा असतो तेव्हा "यंदा तेजी हाय" ही बातमी २० पैकी १६ वेळा फिरते. पण बाकीच्या ८० सीझनमध्ये पण ती ४० वेळा फिरते, कारण यार्डात तेजीची बातमी कुठल्या वर्षी फिरत नाही सांगा? म्हणजे बातमी ऐकू आली असे सीझन एकूण ५६, त्यातले खरे तेजीचे १६. तुमचा अंदाज २० टक्क्यांवरून साधारण २८-२९ वर जायला पाहिजे, बस्स एवढाच. लोक तो एकदम ८० वर नेतात आणि पोती विकायला काढत नाहीत. २०१० च्या सुमारास हळद भडकली होती तेव्हा हेच झालं, भाव अजून चढणार म्हणून माल धरून ठेवला आणि पुढच्या दोन वर्षांत भाव कोसळला.

उलटी गडबड पण असते, बदलायलाच तयार नसणं. आमच्याकडं कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात, ४५ फूट ही धोका पातळी. २००५ च्या पुरात ते ५३ फुटांच्या पुढं गेलं, सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं असतात त्यांत पाणी शिरलं, आणि तेव्हापासून गावभागातल्या कितीतरी घरांत भिंतीवरची २००५ ची खूण हाच शेवटचा शब्द झाला, सामान त्या खुणेच्या वर रचलं की झालं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ नं लोकांचं मत बदललं होतं हो, पण चुकीच्या जागी बदललं होतं, एकदा आलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे येऊ शकणारं मोठ्यात मोठं पाणी असं धरून बसले. २०१९ नंतर काही जण दुसऱ्या टोकाला गेले, कुणाच्याच आकड्यावर विश्वास नाही, धरणवाले खोटे, हवामानवाले खोटे. १९८५ ला आल्चुरॉन, गार्डेनफोर्स आणि मॅकिन्सन या तिघांनी मत बदलण्याचे नियम तर्कशास्त्रात मांडले, त्यामागचा मुख्य विचार असा की नवीन गोष्ट जुन्या समजुतींशी जुळत नसेल तर जेवढं काढणं भाग आहे तेवढंच काढा, बाकीचं राहू द्या. इथं काढायचं काय होतं तर "खुणेच्या वर येत नाही" एवढंच. पुलावरच्या फुटांवर भरवसा ठेवायला काहीच हरकत नव्हती.

आता दुसरा भाग, हवं-नको बदलणं. आमचे दाजी वाळवा तालुक्यातले, मार्चमध्ये हळद ठेवायची म्हणून ठाम होते. मे महिन्यात दुकानात आले तेव्हा मी विचारलं, "दाजी, समजा ही पोती तुमची नाहीतच, तेवढे पैसे रोख खिशात हायत, तर आजच्या भावानं हळद घेऊन गोडाऊनला टाकाल काय?" लगेच म्हणाले, "खुळा का काय, जूनला पोरीची फी भरायचीय." बघा, भाव वाढेल हे त्यांचं मत तसंच होतं, पण मार्चमध्ये धोका परवडत होता आणि आता ठरल्या तारखेला खात्रीचे पैसे पाहिजे होते. फीपुरती पोती काढली, बाकी ठेवली. याला कुणी डळमळीत म्हणत असेल तर मला ते अजिबात पटत नाही.

आणि कधी कधी नीट मांडणी केली की आपली आवडच चुकीची निघते. लिओनार्ड सॅव्हेज, निर्णयाच्या आधुनिक शास्त्राचा पाया घालणाऱ्यांतला माणूस. फ्रान्सच्या मॉरिस आले या अर्थतज्ज्ञानं त्याच्यापुढं दोन जोड्या ठेवल्या. पहिली, खात्रीचे ५ लाख डॉलर, किंवा १० टक्के शक्यतेनं २५ लाख, ८९ टक्के शक्यतेनं ५ लाख आणि १ टक्का काहीच नाही. दुसरी, ११ टक्के शक्यतेनं ५ लाख, किंवा १० टक्के शक्यतेनं २५ लाख. सॅव्हेजनं पहिल्यात खात्रीचे पैसे आणि दुसऱ्यात २५ लाखवाला पर्याय निवडला, आणि हे त्याच्याच नियमाला धरून नव्हतं, तो नियम असा की दोन्ही पर्यायांत जिथं सारखंच मिळतं तो भाग निवड करताना धरायचा नाही. मग त्यानं तेच पर्याय १०० तिकिटांच्या लॉटरीसारखे मांडून बघितले, तर ८९ तिकिटांवर कुठलाही पर्याय घेतला तरी फरक पडत नाही, खरी निवड उरलेल्या ११ तिकिटांतच आहे आणि ती दोन्ही जोड्यांत सारखीच आहे हे दिसलं. त्यानं दुसऱ्या जोडीतली निवड फिरवली आणि १९५४ च्या आपल्या पुस्तकात तसं उघड लिहिलं. आले यांना ते कधीच मान्य झालं नाही, त्यांच्या मते सॅव्हेजनं फिरवायच्या आधी केलेली निवडही शहाण्या माणसाची असू शकते, आणि हा वाद अजून चालू आहे. मला सॅव्हेजचं पटतं.

तुमच्यासाठी एकच सांगेन, निर्णय घ्यायच्या आधी कागदावर लिहा की कुठली बातमी आली तर माझं मत बदलेल आणि घरात काय बदललं तर माझी गरज बदलेल, दोन वेगळे रकाने करून. दाजींनी यंदा गोडाऊनच्या पावतीच्या मागंच लिहिलंय, एका बाजूला भावाचा आकडा, दुसऱ्या बाजूला फीची तारीख.