निर्वासित, शरणार्थी की आश्रयार्थी?

प्रश्न असा आहे: भारतात आश्रयाविषयी स्वतंत्र कायदा असावा, असे मांडणाऱ्या एका लेखाच्या एकाच परिच्छेदात ‘शरणार्थी’, ‘निर्वासित’, ‘विस्थापित’ आणि ‘आश्रित’ हे चार शब्द त्याच माणसांसाठी आले आहेत. ते समानार्थी मानावेत का, आणि ज्याच्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही, त्या ‘असायलम सीकर’ला मराठीत काय म्हणावे?

समानार्थी मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्याची चर्चा चालू असताना तर मुळीच नाही.

‘निर्वासित’ हे वस् धातूच्या प्रयोजक रूपापासून झालेले कर्मणि धातुसाधित आहे. जिथे वास होता तिथून ज्याला बाहेर घालवले, तो निर्वासित. घालवणारा दुसरा कोणी तरी आहे, हे या शब्दातच सांगितलेले आहे. ‘शरणार्थी’ शब्दात मात्र त्या माणसावर काय गुदरले याचा पत्ता लागत नाही. तो काय मागतो एवढेच कळते. संस्कृतात ‘शरण’ म्हणजे रक्षण, आसरा, घरसुद्धा. पण आजच्या मराठीत देवाला शरण जाणे सोडले, तर आरोपी पोलिसांना शरण येतो आणि हरलेले सैन्य शरणागती पत्करते. ज्याने काही गुन्हा केलेला नाही, त्याच्या नावाला ही छटा चिकटावी हे मला योग्य वाटत नाही. फाळणीनंतर उत्तरेत अनेकांनी ‘आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी’ असे बजावून सांगितले होते, त्यामागची सल हीच असावी. (हा शब्द वापरायचाच असेल, तर ‘विद्यार्थ्यांना’प्रमाणे ‘शरणार्थ्यांना’ लिहावे, ‘शरणार्थींना’ नव्हे.)

हा शब्द मराठीत रुळला तो मुख्यतः हिंदीतून. १९७१ च्या अखेरीस पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांच्या मदतीसाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. आमच्या घरच्या जुन्या पत्रांमध्ये असे एक पाकीट आहे. त्यावरच्या लहानशा तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरे आहेत. त्याच काळात मराठी बोलण्यात मात्र ‘निर्वासित’ पक्का होता, कारण तो उल्हासनगरने, कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या सिंधी कुटुंबांनी, आपल्या कानांवर आधीच घातला होता. तिथले पत्ते आजही ‘कॅम्प नंबर तीन’ असे सांगितले जातात.

‘विस्थापित’ इथे टाळावा. फाळणीनंतरच्या भारतीय कायद्यांनी या लोकांना विस्थापित म्हटले होते, कारण ते इथलेच नागरिक होणार होते. आता मराठीत तो धरणग्रस्तांचा शब्द झाला आहे. ‘आश्रित’ तर सोडूनच द्यावा, त्यात दुसऱ्याच्या घरी मिंधेपणाने राहणे आहे.

आता मूळ मुद्दा. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती असल्याने जो स्वदेशाबाहेर आहे आणि त्या भीतीमुळे स्वदेशाचे संरक्षण घेऊ शकत नाही, तो ‘रेफ्युजी’. सरकारने मान्यता दिल्यामुळे तो रेफ्युजी होत नाही. तो आधीच तसा असतो म्हणून त्याला मान्यता द्यायची असते. आपला ‘निर्वासित’ हा शब्द याला चपखल बसतो, कारण त्यातली घटना कोणत्याही अर्जाच्या आधीच घडून गेलेली आहे. ज्याचा अर्ज विचाराधीन आहे त्याला ‘आश्रयार्थी’ म्हणावे, आणि जे द्यायचे ते ‘आश्रय’. निर्णय होण्याआधी ‘घुसखोर’ म्हणणे म्हणजे सुनावणीवाचून निकाल देणे होय.

भारतात हा भेद कायद्यात मुळातच नाही, ही खरी अडचण आहे. या करारावर भारताची सही नाही; १९४६ च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यात ‘निर्वासित’ ही व्याख्या नव्हती आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ यांची व्यवस्था सरकार पाहते, तर अफगाण किंवा म्यानमारहून आलेल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यालयाचे ओळखपत्र मिळते. पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचल प्रदेशात राहिलेल्या चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश दिला, तो राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाच्या आधारे. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये लोकसभेत आश्रयाविषयी खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. असा कायदा व्हावा असे मला मनापासून वाटते, आणि त्याच्या मराठी अनुवादात अर्जदार व मान्यताप्राप्त यांना दोन वेगळी नावे असावीत.

एका शब्दाबद्दल विचारलेले नाही, तरी सांगतो. बातम्यांत ‘परतपाठवणी’ वाढते आहे. पाठवणी लेकीची करतात, दारापर्यंत जाऊन, डोळे पुसत. जिथे जीव धोक्यात आहे तिथे माणसाला ढकलणे म्हणजे पाठवणी नव्हे; ‘सक्तीने परत धाडणे’ असे सरळ लिहावे.

तेव्हा लेखातले ‘शरणार्थ्यांना निर्वासितांचा आश्रय देण्यासाठी कायदा हवा’ हे वाक्य मी असे लिहीन: ‘आश्रयार्थ्यांचे अर्ज ठरावीक मुदतीत ऐकले जावेत आणि त्यांतील निर्वासितांना आश्रय मिळावा, यासाठी कायदा हवा.’