टॉवरमधल्या घरात मोबाइलला रेंज नाही. आईसाठी व्हॉट्सॲप कॉल पुरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिरगावातल्या चाळीचा पुनर्विकास झाला, आई आता बाविसाव्या मजल्यावर एकटी राहते, घरात मोबाइलला रेंज नाही पण ब्रॉडबँड छान चालतं. तिचा बटणांचा फोन काढून सगळं व्हॉट्सॲपवर न्यावं का, की लँडलाइन घ्यावी? शिवाय भाऊ दुबईत आहे.

स्मार्टफोन जरूर द्या. पण आईचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपच्या भरवशावर सोडू नका. तिच्या आत्ताच्याच नंबरवर वायफाय कॉलिंग, म्हणजे नेहमीचाच कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून करण्याची सोय, सुरू करा आणि व्हॉट्सॲप नातवंडांचे चेहरे बघायला ठेवा. मी मुंबईत मोबाइल नेटवर्क तपासण्याचं काम करतो. इमारतींत मजल्यामजल्यावर फिरून सिग्नल मोजतो, त्याला आम्ही वॉक टेस्ट म्हणतो. एकटी राहणारी वयस्कर माणसं फोनवर मिळेनाशी होतात हे या कामात सतत दिसतं आणि ते मला अस्वस्थ करतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रेंज का गेली ते. चाळीत विटांच्या भिंती, लाकूडकाम, उघडी गॅलरी. सिग्नल सहज आत यायचा. नवे टॉवर बहुतेक मायवान पद्धतीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेले. त्यात आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. खिडक्यांच्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असेल तर तोही सिग्नल अडवतो. भर म्हणजे मोबाइलच्या अँटेना खाली, रस्त्याकडे आणि ठेंगण्या इमारतींकडे झुकवलेल्या असतात. बाविसाव्या मजल्यावर खिडकीशी दांड्या भरपूर दिसतील, पण तिथे लांबलांबच्या अनेक टॉवरांचे सिग्नल एकाच वेळी पोहोचतात आणि त्यातला एकही ठळक नसतो. फोन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो आणि बोलणं तुटतं. म्हणून दांड्यांवर जाऊ नका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये ‘सिम स्टेटस’ उघडलं की सिग्नलचा आकडा डीबीएम या मापात दिसतो. उणे ९०च्या आसपास असेल तर चांगलं. उणे ११५च्या पलीकडे गेलं की कॉलचा भरवसा धरू नये.

कुणी सिग्नल बूस्टर लावा म्हणेल. लावू नका. परवान्याशिवाय बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि असा एक डबा आजूबाजूच्या कित्येक घरांचं नेटवर्क बिघडवतो.

आता मुख्य मुद्दा. वायफाय कॉलिंगही इंटरनेटवरून, व्हॉट्सॲपही इंटरनेटवरून, मग फरक काय? खरं तर ‘साधा फोन’ आणि ‘नेटचा फोन’ ही वाटणी तंत्राच्या बाजूने केव्हाच पुसट झाली. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं तेव्हा त्यांच्याकडे टू-जी, थ्री-जी नव्हतंच. नंबर फिरवून केलेला कॉलसुद्धा फोर-जीच्या डेटावरूनच जायचा. त्यालाच व्होल्टी म्हणतात. पुढच्या वर्षी एअरटेलने व्होल्टीची सुरुवात मुंबईतूनच केली. आज तुम्ही नुसता नंबर लावता तेव्हाही बहुतेक वेळा आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून पॅकेटमधून पाठवले जातात, व्हॉट्सॲपमध्ये जातात तसेच.

फरक आहे तो जबाबदारीचा. व्होल्टीमध्ये कंपनी आवाजासाठी वाट राखून ठेवते, फास्ट लोकलला वेगळा रूळ असावा तशी. व्हॉट्सॲपचा कॉल बाकी सगळ्या डेटाच्या गर्दीतून जातो. घरच्या वायफायवर अशी राखीव वाट वायफाय कॉलिंगलाही मिळत नाही, हे आधीच सांगतो. पण त्यात फोन तुमच्या राउटरमधून थेट मोबाइल कंपनीपर्यंत एक सुरक्षित बोगदा उघडतो आणि कंपनीच्या लेखी आईचा नंबर चालू राहतो. मग दवाखान्यातल्या लँडलाइनवरून फोन येतो, वॉचमनच्या बटणाच्या फोनवरून येतो, गॅसवाल्याचा येतो. बहुतेक फोनवर बँकेचा ओटीपीही वायफायवरूनच येतो. व्हॉट्सॲपमध्ये यातलं काहीच होत नाही. समोरच्याकडे तेच ॲप आणि चालू इंटरनेट असलं तरच ती दोघं बोलू शकतात. व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही, हेही आईला सांगून ठेवा. ११२ फिरवल्यावर फोन आधी मोबाइलचा टॉवर शोधतो, म्हणून घरात त्यातल्या त्यात बरी रेंज कुठल्या खिडकीशी मिळते ते तिला दाखवून ठेवा.

आवाजाचीही एक गोष्ट वयस्कर माणसांसाठी फार मोलाची आहे. जुन्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जायचा. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा बराचसा भाग त्याच्या वर असतो, त्यामुळे साठे म्हटलं की पलीकडे फाटे ऐकू यायचं. व्होल्टी आणि वायफाय कॉलिंगवर ही मर्यादा ७००० हर्ट्झच्या आसपास जाते, अर्थात दोन्हीकडे ती सोय असेल तर. ज्यांना आधीच कमी ऐकू येतं त्यांना हा फरक लगेच जाणवतो.

आता राउटर, कारण खरी अडचण बहुतेक वेळा इथेच असते. नव्या टॉवरमध्ये बिल्डर दाराजवळ भिंतीत पत्र्याचा एक डबा बसवून देतो, फायबरची वायर तिथेच येते. ब्रॉडबँडवाला राउटर त्याच डब्यात कोंबतो, झाकण लावतो आणि जातो. हॉलमध्ये नेट मिळतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे आईच्या खोलीत काही पोहोचत नाही. राउटर डब्याबाहेर काढा आणि पॅसेजमध्ये, खोल्यांची दारं उघडतात तिथे, उंचावर लावा. तेवढ्याने भागलं नाही तर भिंतीतल्या पाइपातून लॅनची वायर आतल्या खोलीपर्यंत नेऊन तिथे दुसरा राउटर बसवा. वायर न टाकता लावायचे स्वस्त एक्स्टेंडर मला अशा घरांत पटत नाहीत. आलेला क्षीण सिग्नलच ते पुढे ढकलतात.

मग वीज. तांब्याच्या तारेवरच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, घरातले लाइट गेले तरी फोन चालायचा. फायबरवरच्या लँडलाइनचा फोन घरातल्या राउटरलाच जोडलेला असतो, राउटर बंद पडला की फोनही बंद. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत काही तास वीज गेली होती, तो दिवस आठवा. म्हणून राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्याच, आणि ब्रॉडबँडवाल्याला एक नेमका प्रश्न विचारा: इमारतीतल्या डक्टमध्ये, म्हणजे वायरी जातात त्या पोकळीत, घराघरांत नेट वाटणारा तुझा विजेवर चालणारा स्विच आहे का, आणि त्याला बॅकअप आहे का? काहींच्या जाळ्यात मधे फक्त काचतंतूचा स्प्लिटर, म्हणजे फायबरमधला सिग्नल वाटून देणारा भाग, असतो, त्याला वीज लागत नाही. काहींचा स्विच सोसायटीच्या मीटरवर असतो, आणि तिथली वीज गेली की तुमच्या यूपीएसचा उपयोग शून्य.

ब्रॉडबँडबरोबर लँडलाइन मिळत असेल तर घ्या. आईच्या हाताला रिसीव्हरची सवय आहे आणि तो चार्ज करावा लागत नाही. पण मोबाइल नंबरच्या बदल्यात नको.

दुबईचं असं की यूएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल चालत नाहीत. तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप लागतात, म्हणून आईच्या फोनवरही तेच घालून द्या. एक सावधगिरी: वायफाय कॉलिंगवरून दुबईचा नंबर लावला तर आयएसडीचे पैसे पडतात, कारण कंपनीच्या दृष्टीने तो साधा कॉलच असतो. भावाच्या नावापुढे बोटिमचाच शॉर्टकट ठेवा.

फोन घेताना त्या मॉडेलवर तुमच्या कंपनीचं वायफाय कॉलिंग चालतं का ते दुकानातच विचारा. बहुतेक बटणांच्या फोनमध्ये ते नसतं. घरी आल्यावर सेटिंग्जमधून सुरू करा, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून नुसतं वायफाय चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून आईच्या नंबरला कॉल करा. रिंग वाजली तर जमलं. मग तसंच बोलत बोलत स्वयंपाकघर, गॅलरी आणि मुख्य म्हणजे बाथरूममध्ये दार लावून जाऊन बघा. पाय घसरतो तो तिथेच, आणि सगळ्यात जाड भिंतीही बहुधा तिथल्याच असतात. तिथे आवाज तुटत असेल तर घराचा ढोबळ नकाशा आणि राउटरची जागा प्रतिसादात लिहा, वायर कुठून न्यायची ते सांगतो.