क्रेडिट नोट चोवीस महिन्यांची, तक्रारीची मुदतही तेवढीच

प्रश्न (थोडक्यात): आम्ही मोर्शी तालुक्यातले संत्रावाले. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याच्या हौसेखातर लग्न अंदमानात, हॅवलॉक बेटावर करायचं ठरलं. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरच्या वेडिंग प्लॅनरला १४.५ लाखांच्या पॅकेजपैकी ६ लाख ॲडव्हान्स दिला. लग्न ६ डिसेंबर २०२३ चं. बारा दिवस आधी तो म्हणाला, रिसॉर्ट मिळत नाही, दुसरीकडे करू, पण ३ लाख जास्त लागतील. आम्ही नाही म्हटलं आणि लग्न मोर्शीच्या कार्यालयात उरकलं. पैशांऐवजी त्याने क्रेडिट नोट पाठवली. नोटीस दिली, ठाण्यात अर्जही दिला, काही झालं नाही. आता आंबिया बहार (संत्र्याचा हंगाम) निघाला की नोव्हेंबर २०२५ अखेर वकील लावतो. केस नागपूरलाच करावी लागेल का? ४२० लागते का? आणि क्रेडिट नोट मेव्हण्याच्या मुलीच्या साक्षगंधाला वापरून घेतली तर?

उत्तर:

भाऊ, नोव्हेंबरअखेर वकील लावाल तर तो पहिलं काम विलंब माफीचा अर्ज टाइप करण्याचं करील. तुमच्या पत्रातल्या तिन्ही प्रश्नांपेक्षा हे एक वाक्य जास्त महाग पडणारं आहे, म्हणून आधी तेच घेतो. अशी पत्रं माझ्याकडे पुष्कळ येतात. कोणाचं बेट असतं, कोणाचा गोव्याचा किनारा, कोणाचा नुसता अमरावतीचा लॉन. जवळपास प्रत्येकात माणूस पैशासाठी भांडायला तयार असतो, फक्त हातातलं काम उरकल्यावर.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्या प्रकरणात कारण कधी घडलं? प्लॅनरने रिसॉर्ट मिळत नाही असा मेसेज टाकला त्या दिवशी, म्हणजे २४ नोव्हेंबर २०२३ ला. मग दोन वर्षं २४ नोव्हेंबर २०२५ च्या आसपास संपतात. तुमचा आंबिया त्या आठवड्यात बहुधा झाडावरच असेल.

याला तोड नाही असं नाही. पैसे महिनाभरात देतो असं त्याने लिहिलं होतं, तेव्हा नकार डिसेंबरअखेर झाला असं म्हणता येईल. लग्नाची तारीख धरा, असंही म्हणता येईल. विलंब माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं आणि ते आदेशात नोंदवावं लागतं. ‘बहार तोडायचा होता’ हे कारण मी स्वतः कोणत्याही आयोगापुढे ठेवणार नाही. वेळ आलीच तर उशिराच्या तारखांवर भांडू. तक्रार मात्र सगळ्यात आधीची तारीख धरूनच दाखल करायची.

समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर निभेल, या आशेवरही राहू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चर इंडस्ट्रीज या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की तक्रार मुदतीत आहे की नाही, हे आयोगानेच आधी बघायचं. मुदतबाह्य तक्रारीचा निकाल गुणदोषांवर दिला तर तो निकालच बेकायदा. त्याच वर्षीच्या कंदीमल्ला राघवय्या प्रकरणात आणखी एक समज मोडला: मुदत उलटल्यावर पत्रं, नोटिसा पाठवून ती पुन्हा जिवंत होत नाही. तुमची नोटीस मुदतीतली आहे, चांगलंच आहे, पण तिने एक दिवसही वाढवून दिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोटीस दिलीत आणि नंतर दीड वर्ष तिची पोच जपून ठेवलीत. नोटीस पाठवली की केस सुरू झाली, असं तुम्हाला कोणी सांगितलं, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

आता ती क्रेडिट नोट. तुम्ही पाठवलेली प्रत समोर आहे. वर नारळाच्या झाडाचं चित्र, मधे ६ लाखांचा आकडा, तारीख ६ डिसेंबर २०२३. खाली मुंगीएवढ्या अक्षरात करारातलं कलम ११ छापलं आहे: क्लायंटने कॅन्सल केल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही, रक्कम २४ महिन्यांच्या आत दुसऱ्या कार्यक्रमात ॲडजस्ट होईल, त्यापलीकडे कोणताही दावा राहणार नाही. चोवीस महिने म्हणजे ६ डिसेंबर २०२५. तुम्ही ही तारीख बघून निवांत बसलात, की तोवर पैसे कुठे जात नाहीत. पण तक्रारीची दोन वर्षं त्याच्या बारा दिवस आधी संपतात. नोट संपायच्या सुमारास तुम्ही त्याला फोन कराल, तो ‘सीझन चालू आहे, जानेवारीत बघू’ म्हणेल, आणि जानेवारीत तुमच्या हाती ना पैसे, ना तक्रार. हा मजकूर त्याने विचार करून छापला की कुणाचा उचलला, मला माहीत नाही. परिणाम दोन्हीकडून तोच.

नोटेच्या तळाशी ‘स्वीकारले’ असं लिहून सहीची जागा आहे. तुमच्या प्रतीत ती कोरी आहे. कोरीच राहू द्या. आणि त्या नोटेवर साक्षगंध अजिबात नको. हॉल, जेवण, डेकोरेशन असं काहीही तिच्यावर घेतलंत की तुम्ही कलम ११ मान्य केलं, असा अर्थ निघेल. मग पैसे परत मागायची जागा उरत नाही. मेव्हण्याला आजच सांगा, कारण अशा गोष्टी घरात परस्पर ठरतात. उद्या कोणी प्लॅनरला फोन करून ‘आमच्या नोटेतून एवढं करून द्या’ म्हणालं, तर तो कॉल रेकॉर्ड झालेला असेल, असंच धरून चला.

कलम ११ लागू व्हायला कॅन्सल तुम्ही केलेलं असावं लागतं. इथे तुमचं व्हॉट्सॲप आडवं येतं. नोटिशीच्या उत्तरात त्याने तुमचा एकच मेसेज उद्धृत केला आहे: ‘मंग राहू द्या भाऊ, कॅन्सल करा. आम्ही इकडंच कार्यालय पाहून घेतो. पैसे तेवढे वापस टाका.’ नुसता हा मेसेज वाचणाऱ्याला वाटेल की तुम्हीच माघार घेतली. त्याच दिवशी सकाळी त्याने रूम नाहीत आणि ३ लाख एक्स्ट्रा असं लिहिलं होतं, आणि तुमच्या मेसेजनंतर ‘ओके सर, महिनाभरात करतो’ असंही. हे तिन्ही मेसेज एकाखाली एक, तारीख-वेळेसकट दाखवले की कॅन्सल कोणी केलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

तो मोबाइल कुठे आहे? तुम्ही लिहिता, नवा घेतला आणि जुना नातवाला खेळायला दिला. परत घ्या. चॅट पुसू नका, फॉरमॅट मारू देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला दिवाणी कोर्टाइतका चिकटून बसत नाही, तरी प्रमाणपत्र जोडाच. मूळ मोबाइलच नसेल तर ते द्यायचं कशाच्या जोरावर?

त्याच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो लपवत नाही. कोटेशनच्या पहिल्या पानावर रिसॉर्टच्या नावापुढे ‘ऑर सिमिलर’ असं दोन शब्दांत लिहिलेलं आहे. तो म्हणेल, मी दुसरं रिसॉर्ट देत होतो, यांनीच नाकारलं. पण तसंच दुसरं द्यायचं तर ते ठरलेल्या पैशात द्यायचं. ३ लाख मागितल्यावर ते पॅकेजच वेगळं झालं. माझ्या मते हे उत्तर टिकतं. आयोगाच्या सदस्यांनाही तसंच वाटेल, याची हमी देत नाही.

वादळाचं कारण त्याने नोटिशीच्या उत्तरात नव्याने घुसवलं आहे. मिचाँग चक्रीवादळ आंध्रात बापटलाजवळ ५ डिसेंबर २०२३ ला धडकलं, हे खरं. अंदमानच्या समुद्राचं निमित्त कायम खोटंच असतं असंही नाही. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नील बेटांवर सुमारे १,४०० पर्यटक खराब हवामानामुळे अडकले होते. पण तुमच्या प्लॅनरने रूम नाहीत असं लिहिलं ते २४ नोव्हेंबरला, आणि त्या मेसेजमध्ये वाऱ्यापावसाचा उल्लेखही नाही. तेव्हा ६ तारखेला बोटी चालू होत्या की बंद, या वादात शिरूच नका.

एक काम मात्र आजच करा. मूळ रिसॉर्टला मुलाच्या ईमेलवरून विचारा की ५ ते ७ डिसेंबर २०२३ साठी या प्लॅनरच्या नावाने बुकिंग कधी झालं होतं का, झालं असेल तर कोणी आणि कधी रद्द केलं. उत्तर देतीलच असं नाही. दिलं आणि त्यात ‘बुकिंगच नव्हतं’ असं निघालं, तर तुमचं प्रकरण एकदम वेगळ्या वजनाचं होतं.

४२० चा प्रश्नही याच ईमेलवर अटकलेला आहे. व्यवहार २०२३ चा, म्हणून नवी न्याय संहिता नाही, जुना भारतीय दंड संहितेचाच कायदा लागेल. पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता, हे दाखवावं लागतं. नंतर शब्द फिरवला एवढ्याने फसवणूक सिद्ध होत नाही. ठाणेदाराने तुम्हाला ‘हे दिवाणी आहे’ असं सांगितलं ते फारसं चूक नव्हतं. चूक एवढीच की त्याच्या दारात तुम्ही आठ महिने घालवले.

नागपूरला जायची गरज नाही. करारात ‘नागपूर न्यायक्षेत्र’ छापलं असलं तरी ग्राहक कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी अमरावती. लवादाचं कलमही आडवं येत नाही. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असला तर जिल्हा आयोग पुरतो, आणि ६ लाखांसाठी फी २०० रुपये आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. फक्त तक्रारीत ‘कलम ११ हा अनुचित करार आहे असं जाहीर करा’ अशी मागणी कोणाच्या सांगण्यावरून घालू नका. अनुचित कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, आणि आपल्याकडे त्याचं पीठ नागपूरलाच बसतं. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच म्हणा, पैसे व्याजासकट मागा. व्याज किती, नुकसानभरपाई किती, हे आयोगावर अवलंबून. मोठे आकडे मनात धरू नका.

तक्रारदार म्हणून मुलाचं नाव आधी हवं, कारण करार त्याच्या नावाने आहे. तुम्ही आणि ज्यांच्या खात्यातून अडीच लाख गेले ते मेव्हणे, दोघंही सोबत. समोरच्याचं नाव व्हिजिटिंग कार्डावरून उतरवू नका. कोटेशनवर जीएसटी नंबर आहे, तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून धंद्याचं कायदेशीर नाव काढा आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याच्या नावाशी ताडून पाहा. दोन्ही वेगळी निघाली तर दोघांनाही पक्षकार करा. बेटाचं नाव ‘स्वराज द्वीप (पूर्वीचं हॅवलॉक)’ असं लिहा. नाव २०१८ मध्येच बदललं आहे, आणि करारात जुनं आहे.

रोख दीड लाखाबद्दल मी फार आशा दाखवणार नाही. कोटेशनच्या पाठीमागे त्याच्या मॅनेजरने पेन्सिलने ‘१.५ मिळाले’ लिहिलंय, खाली सही नाही, तारीख नाही. एवढी रक्कम मोजून देताना पावती मागायचा संकोच कसला वाटला? बँकेतून ते पैसे काढल्याची नोंद त्याच आठवड्याची असेल तर खातेउतारा जोडा. देताना कोण हजर होतं त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. बाकीचे साडेचार लाख बँकेतून गेलेले आहेत, तिथे प्रश्न नाही.

किती दिवस लागतील? कायद्यात लिहिलंय, नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. आयोगाच्या बाकावर बसलेल्या कोणालाही हे वाक्य वाचून दाखवा, हसतील. सदस्यांची जागा रिकामी, समोरचा वकील गैरहजर, सुट्टी, पुढची तारीख. वर्ष-दोन वर्षं धरून चला. एक दोरी आवळलेली आहे: समोरच्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात, त्यापुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलं. तो झोपला तर त्याचा जबाब गेला.

दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, म्हणून तक्रार हुकली तरी दार पूर्ण बंद होत नाही. पण तिथे कोर्ट फी आहे, नागपूरचं न्यायक्षेत्र बहुधा मानावं लागेल, आणि दिवाणी दाव्याचा वेग तुम्हाला शेताच्या वाटणीवरून माहीत असेल. तो विचार आत्ता नकोच.

पोळा झाला की मुलाला गणपतीत गावी बोलवा आणि प्रतिज्ञापत्रावर त्याची सही घ्या. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. त्याआधी तक्रार पोर्टलवर चढलेली हवी, कारण कागदांत त्रुटी काढून परत करतात आणि त्या दुरुस्त करायलाही दिवस लागतात. व्यापाऱ्याला बहार झाडावरच द्यायचा असेल तर देऊन टाका, म्हणजे नोव्हेंबर मोकळा राहील.