घरमालकाच्या विम्यावर विसंबू नका

आपला प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून श्टुटगार्टला बदली झाल्यावर आपण ५५ चौरस मीटरचे घर भाड्याने घेतले, दरमहा भाड्यासोबत भरायच्या 'नेबेनकोस्टेन'मध्ये इमारतीच्या विम्याचा वाटा आपल्याकडून घेतला जातोच, मग एजंट सुचवतो ते आणखी दोन विमे कशासाठी?

हा वाटा भाडेकरूकडून घेण्याची मुभा घरमालकाला कायद्यानेच आहे. मात्र ती पॉलिसी इमारतीची असते. आपल्या घरचे पाणी झिरपून खालच्या बिऱ्हाडातील सामान भिजले किंवा सायकलवरून जाताना आपल्यामुळे कुणी जखमी झाले, तर तिचा काहीही उपयोग होणार नाही. जर्मन नागरी संहितेच्या कलम ८२३ नुसार निष्काळजीपणाने केलेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते आणि तिला कमाल मर्यादा नाही. म्हणून 'प्रिव्हाटहाफ्टफ्लिख्ट', म्हणजे व्यक्तिगत दायित्वाचा विमा, सक्तीचा नसला तरी याच महिन्यात घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संपूर्ण कुटुंबासाठीही त्याचा वार्षिक हप्ता बहुधा १०० युरोंच्या आत बसतो. सही करण्यापूर्वी भाड्याच्या घराचे नुकसान आणि हरवलेल्या किल्ल्या यांना संरक्षण आहे का, हे पाहावे. एकच किल्ली अनेक दारांना चालणाऱ्या इमारतीत सगळी कुलपे बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. आपली मुलगी चार वर्षांची आहे. सात वर्षांखालील मूल कायद्याने जबाबदार धरले जात नाही, त्यामुळे तिने शेजाऱ्यांची वस्तू फोडली तर साधी पॉलिसी पैसे नाकारू शकते. शेजारधर्म टिकवायचा असेल तर तेवढे कलम जोडून घ्यावे.

दुसरा, घरातील सामानाचा 'हाऊसराट' विमा, मी तूर्त थांबवला असता. दर चौरस मीटरला ६५० युरो या रूढ हिशेबाने विमा रक्कम ३५,७५० युरो होते, आणि आपले सामान तर, आपणच लिहिल्याप्रमाणे, एक पलंग, दोन लॅपटॉप व स्वयंपाकाची भांडी एवढेच आहे. लग्नातले दागिने सोबत नेले असतील तर मात्र विचार बदलावा लागेल. तरीही तिजोरीबाहेरच्या दागिन्यांच्या भरपाईला या पॉलिसीत मर्यादा असते, तेव्हा ते पुण्यातल्या बँकेच्या लॉकरमध्येच राहू द्यावेत हे बरे.