ताटलीला भोकं का असतात?

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. बारावीनंतर फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचं की दादांचं ऐकून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं, असं विचारलंयस. आणि शेवटी एक ओळ : ‘मला देशासाठी काहीतरी करायचंय.’

ती ओळ जरा बाजूला ठेव. 28 फेब्रुवारीला खोडदच्या रेडिओदुर्बिणीपाशी प्रदर्शनात भेटलीस तेव्हा तुझ्या तोंडी देश नव्हता. सगळी पोरं सेल्फी काढत होती (दोघातिघांचे फोटो मीच काढून दिले, असो), आणि तू त्या 45 मीटरच्या अँटेनाकडे मान वर करून विचारलंस, ‘काका, या ताटलीला भोकं का?’

त्या गर्दीत अर्धंच उत्तर दिलं होतं. आता पुरं ऐक. आकाशातल्या हायड्रोजनची रेडिओलहर 21 सेंटिमीटर लांबीची असते आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. तिच्या लेखी तो सलग पत्राच. वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा रेटा कमी म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची स्टीलची तार, तिची जाळी, आणि ती ताणून धरणारे दोर. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या माणसांनी अशा 30 अँटेना उभ्या केल्या. हात आखडता होता म्हणून डोकं जास्त चालवावं लागलं. आज तुमच्या टोमॅटोच्या रानाशेजारची ही दुर्बीण वापरायला मिळावी म्हणून परदेशातले शास्त्रज्ञ अर्ज करतात.

आता तुझ्या त्या ओळीकडे येतो. 1991 मध्ये आपण रशियाशी रॉकेटच्या क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या इंजिनांचा करार केला. अमेरिकेने दबाव आणला आणि 1993 मध्ये रशियाने तयार इंजिनं देऊ केली, पण ती बनवायची विद्या द्यायला नकार दिला. मग 1994 मध्ये आपलं काम सुरू झालं. उणे 253 अंशांवरचा द्रव हायड्रोजन हाताळायचा, म्हणजे खेळ नाही. आपल्या इंजिनाचं एप्रिल 2010 मधलं पहिलं उड्डाण फसलं. 5 जानेवारी 2014 ला जमलं.

हिशेब कर. 1994 ला बाविसाव्या वर्षी कामाला लागलेला पोरगा 2014 ला बेचाळिशीचा झाला. तेव्हा ती पोरं आली नसती, तर 2014 मध्ये कितीही पैसा ओतून तसा माणूस बाजारात मिळाला नसता. 2045 ला दुसरा देश आपल्याला काय विकायचं नाकारील, ते आज कोणालाच माहीत नाही. ते बनवणारी माणसं मात्र आत्ता बारावीत असायला हवीत.

तरी दादांवर रागावू नकोस. ज्याने नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव एका रात्रीत कोसळताना पाहिलाय, तो पोरीसाठी दर महिन्याचा पगारच शोधणार. शिवाय आपला देश संशोधनावर जीडीपीच्या पाऊण टक्काही खर्च करत नाही, आणि दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. भाषणं ठोकणाऱ्यांना हे विचारायला हवं. माझी पहिली फेलोशिप पाच महिने थकली होती. मेसच्या काकूंनी वहीत मांडून जेवू घातलं म्हणून टिकलो. आज पीएचडीच्या सुरुवातीला महिना 37,000 आणि वर घरभाडं मिळतं. आकडा बरा आहे, पण वेळेवर येतोच असं नाही. दादांना हेही सांग, लपवू नकोस.

माझं मत विचारशील तर पुण्याच्या आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या सरकारी संस्थेची प्रवेशपरीक्षा दे. पाच वर्षांचा कोर्स आहे. नाही जमलं तर बीएस्सी कर, पण प्रोग्रामिंग सोडू नकोस. त्या 30 ताटल्यांचे सिग्नल शेवटी कॉम्प्युटरवरच एकत्र येतात, त्यामुळे दादांचं म्हणणं अगदीच वाया जात नाही. आणि इंजिनिअरिंगला गेलीस तरी मी नाराज होणार नाही. माझ्या ओळखीतले रेडिओ रिसीव्हरवाले निम्मे इंजिनिअरच आहेत.

तोवर एक काम. स्टीलच्या डब्यात मोबाइल ठेव, झाकण घट्ट लाव आणि आईच्या फोनवरून रिंग दे. मग तोच फोन पिठाच्या चाळणीखाली ठेवून बघ. वाजला की नाही, किती वेळा, डबा कुठे ठेवला होता, सगळं वहीत लिही. असं का झालं, तेही मला विचारण्याआधी तुझं तू लिही, चुकलं तरी चालेल. पुढच्या रविवारी ये तेव्हा वही घेऊन ये.

दादांना नमस्कार.

तुझा
काका