लिंगडच्या लोणच्यात कॅन्सर करणारं विष असतं का? घरी तपासता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिमाचलच्या ट्रेकहून लिंगडच्या (तिथल्या एका नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, कोवळ्या कोंभांच्या) लोणच्याची बरणी आणली, मग कुठेतरी वाचलं की रानातल्या नेच्यांत कॅन्सर करणारं रसायन असतं, आणि आता बरणी फडताळात पडून आहे.

मी बरीच वर्षं औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र, चालवलं आहे. त्यामुळे तपासणीबद्दल जरा लांबण लागेल.

आधी एक घोळ सोडवू. 'नेचा' हे एका झाडाचं नाव नाही. ज्याच्यावर पुराव्यानिशी आरोप आहे तो ब्रॅकन, म्हणजे टेरिडियम. आपल्याकडे महाबळेश्वरलाही सापडतो. त्याची पानं रांगत्या खोडातून एकेक करून सुटी वर येतात, मोठी, त्रिकोणी, राठ. लिंगड म्हणजे डिप्लॅझियम. तो ओढ्याकाठी, ओलाव्यात, झुबक्यानं वाढतो. लिंगडविरुद्ध ब्रॅकनइतका पुरावा नाही. मात्र दोघांचेही कोवळे कोंभ गोगलगाईसारखे गुंडाळलेले असतात, आणि बरणीत तेल-मसाल्यात बुडाल्यावर ओळखणं कठीणच.

ब्रॅकनची कथा गुरांपासून सुरू होते. हिमालयाच्या पट्ट्यात चाऱ्याच्या टंचाईत गुरं हा नेचा वर्षानुवर्षं खातात, मग लघवीतून रक्त जाऊ लागतं आणि मूत्राशयात गाठी होतात. १९६५ साली वेल्समधल्या इव्हान्स आणि मेसन यांनी उंदरांना ब्रॅकन खाऊ घालून कॅन्सर होतो हे दाखवलं. नेमका गुन्हेगार सापडायला १९८३ उजाडलं. जपान आणि नेदरलँड्समधल्या दोन गटांनी एकाच सुमारास तो वेगळा काढला. त्याचं नाव टॅक्विलोसाइड.

हे रसायन फार नाजूक आहे. त्याच्या रेणूत तीन कार्बनचं ताणलेलं कडं असतं आणि एक ग्लुकोज चिकटलेलं असतं. अल्कधर्मी पाण्यात ग्लुकोज सुटतं आणि उरतो तो भयंकर क्रियाशील भाग, जो डीएनए समोर आला की त्याला जाऊन चिकटतो. गाईची लघवी अल्कधर्मी, म्हणून तिचं मूत्राशय बळी पडतं. पण समोर डीएनए नसेल, नुसतं पाणी असेल, तर तोच भाग पाण्याशी जुळून टेरोसिन बी होतो आणि त्याची नांगी गळून पडते.

एका मैत्रिणीच्या एमएस्सी प्रोजेक्टसाठी आम्ही महाबळेश्वरचा ब्रॅकन तपासायला घेतला होता. टॅक्विलोसाइड यूव्हीखाली नीट दिसत नाही. म्हणून अर्कात आधी अल्कली, मग आम्ल घालून त्याचं टेरोसिन बी करायचं आणि त्याचा पीक (यंत्राच्या आलेखावरचा उंचवटा) मोजायचा. पानात मुळातच थोडं टेरोसिन बी असतं, म्हणून अर्काचा दुसरा भाग काही न घालता चालवायचा आणि वजाबाकी करायची. आम्ही शनिवारी अर्क काढला, टेबलावरच ठेवला आणि घरी गेलो. सोमवारी दोन्ही पीक जवळपास सारखेच! वजाबाकी शून्याच्या आसपास. पान निर्दोष नव्हतं, दोन दिवसांत ते आपोआप मोडलं होतं. पुन्हा थंड पाण्यात अर्क काढून त्याच दिवशी चालवला, तेव्हा कुठे फरक दिसला. आता एलसी-एमएसवर (रेणूंच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) टॅक्विलोसाइड थेट मोजता येतं, पण घाई तेवढीच करावी लागते.

तेव्हा घरी तपासता येणार नाही. लिटमस, मीठ, चव, कशानंही नाही. आणि गावातल्या अन्नतपासणी लॅबच्या नेहमीच्या यादीतही हे नाव नसतं.

स्वयंपाकघराला मात्र याच नाजूकपणाचा फायदा होतो. जपानी लोक ब्रॅकनच्या कोंभांना 'वाराबी' म्हणतात. ते कोंभांवर राख किंवा सोडा घालून उकळतं पाणी ओततात, रात्रभर ठेवतात आणि ते पाणी फेकून देतात. आपल्याकडे शेवळ्याच्या भाजीची खाज मारायला काकडं घालतात तशीच ही पिढ्यांनी शोधलेली युक्ती. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा वाराबीचा धोका बराच उतरला, पण साफ गेला नाही.

आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं) १९८७ मध्ये ब्रॅकनला २बी गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर होण्याची शक्यता आहे पण पुरावा मर्यादित. कोरफडीच्या सबंध पानाचा अर्कही त्याच गटात बसतो, त्यामुळे नुसत्या गटावरून घाबरू नका. मला जास्त खटकतं ते दूध. ब्रॅकन खाणाऱ्या गाईच्या दुधात हे रसायन उतरतं; १९९६ साली व्हेनेझुएलातल्या संशोधकांनी गाईच्या पोटात गेलेल्या रसायनापैकी साधारण साडेआठ टक्के दुधात उतरल्याचं मोजलं होतं. तिथल्या डोंगरात रोज तेच दूध पिणाऱ्याचा प्रश्न तुमच्या बरणीपेक्षा मोठा आहे.

बरणीचं म्हणाल, तर ज्या होमस्टेतून आणलीत त्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: कोंभ ओढ्याकाठचे होते की उघड्या उतारावरचे, आणि लोणचं घालण्याआधी उकळून पाणी फेकलं होतं का. ओढ्याकाठचे आणि उकळलेले असतील तर मी तरी वरणभातासोबत चार-पाच फोडी खाईन.